मेहनत, मात्रा आणि वारंवारता : बलसाधनेच्या मराठी परिभाषेचे एक परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुका हा कोयनेच्या खोऱ्याचा प्रदेश होय. या एका तालुक्यात बळ कमावण्याच्या आणि भार उचलण्याच्या तीन भिन्न परंपरा एकमेकींशेजारी नांदताना दिसतात. पहिली तालमीची. चाफळ येथे समर्थ रामदासांनी १६४८ मध्ये राममंदिर उभारले. त्याच परिसरात त्यांनी स्थापिलेले मारुती आहेत. आणि मारुतीची मूर्ती व तालमीची लाल माती यांचे साहचर्य महाराष्ट्रात सर्वत्र दृढ झालेले आहे. दुसरी परंपरा ओझ्याची. या डोंगराळ मुलखातील अनेक कुटुंबांतील पुरुष मुंबईच्या धान्यबाजारात माथाडी म्हणून राबले, आणि माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील (१९३३–१९८२) हे याच तालुक्यातले. तिसरी परंपरा वयाने सर्वांत लहान, ती लोखंडी दांड्याची आणि तबकड्यांची. म्हणजे जिला व्यवहारात ‘वेटलिफ्टिंग’ आणि ग्रंथात ‘भारोत्तोलन’ म्हणतात ती.

या तिन्ही परंपरांपुढे एकच व्यावहारिक प्रश्न उभा असतो : किती करावे आणि किती वेळा करावे? बलसंवर्धनाच्या आधुनिक शास्त्रात या प्रश्नाच्या दोन अंगांना दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. एका आठवड्यात एकंदर किती काम झाले ते ‘व्हॉल्यूम’, आणि ते काम किती बैठकींत वाटले गेले ती ‘फ्रीक्वेन्सी’. या दोहोंपैकी अधिक महत्त्वाचे कोणते, याविषयी गेली अनेक दशके वाद चालू आहे. मराठी भाषक तरुण या वादात शिरतो तेव्हा त्याच्यापुढे आणखी एक अडचण असते, आणि तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याच्या भाषेत बळ मोजण्याच्या दोन जुन्या पद्धती आधीच रुजलेल्या आहेत, आणि नव्या संज्ञा त्यांच्यावर येऊन आदळतात. या वादाचा निम्मा भाग शरीरशास्त्राचा असला तरी उरलेला निम्मा भाषेचा आहे, आणि तो सोडविल्याशिवाय पहिला भाग मराठी वाचकाच्या हाती पडत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. तालमीची भाषा : संख्या कोणाला लागते?

‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ आणि ‘खुराक’ फारसीतून आलेले. ‘आखाडा’ संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून सिद्ध होतो. या सर्व शब्दांच्या मध्यभागी ‘मेहनत’ हा शब्द बसलेला आहे. त्याच्या अरबी मूळरूपाचा अर्थ कसोटी, क्लेश, संकट असा आहे. मराठीत तो श्रम या अर्थाने स्थिरावला. पण तालमीत त्याला पारिभाषिक वजन आले. ‘मेहनत करणे’ म्हणजे जोर, बैठका, जोडी, करेला, मल्लखांब आणि लढत यांचा एकवटलेला दैनिक परिपाठ. या एका शब्दात भार, संख्या, कालावधी, थकवा आणि नियमितपणा ही पाचही अंगे विरघळलेली आहेत. पहिलवानाची मेहनत ‘चांगली’ आहे असे वस्ताद म्हणतो तेव्हा यांपैकी नेमके कोणते अंग चांगले आहे, हे शब्दावरून कळत नाही. वस्ताद समोर उभा असतो तोवर ते कळण्याची गरजही नसते. त्याची नजर हेच परिमाण असते.

क्रियापदांकडे वळल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. जोर ‘काढतात’ किंवा ‘मारतात’, बैठका ‘मारतात’, नमस्कार ‘घालतात’, जोडी ‘फिरवतात’. वजन मात्र ‘उचलतात’. पहिल्या गटातील क्रियापदांबरोबर येणारी संख्या ही क्रियेची संख्या असते : शंभर जोर, पाचशे बैठका, बारा नमस्कार. ‘उचलणे’ या क्रियापदाबरोबर येणारी संख्या ही वस्तूची असते : पूर्वी मण आणि शेर, आता किलो. म्हणून ‘किती मारतोस?’ या प्रश्नाचे उत्तर आवर्तनांत येते आणि ‘किती उचलतोस?’ या प्रश्नाचे उत्तर वजनात येते. दोन्ही उत्तरे एकेकटी पाहिल्यास अपुरी आहेत. पहिल्यात भार नाही, दुसऱ्यात आवर्तने नाहीत. आणि ‘आठवड्यात किती वेळा’ हे दोहोंतही नाही, कारण ते ‘रोज’ असे गृहीत धरलेले असते.

दुसरी एक बाब व्याकरणाची आहे. ‘तो शंभर किलो उचलतो’ या वाक्यातील साधा वर्तमानकाळ मराठीत दोन अर्थ वाहतो. एक, शंभर किलो उचलण्याची त्याची क्षमता आहे. दोन, तो नेहमीच्या सरावात शंभर किलो उचलतो. ‘उचलू शकतो’ असे म्हणून पहिला अर्थ वेगळा काढता येतो, पण बोलताना तसे क्वचितच केले जाते. आधुनिक कार्यक्रम तर कमाल क्षमतेच्या टक्केवारीवर उभारलेले असतात. एखाद्याची कमाल १०० किलो असून त्याने सवयीचे ८० किलो हेच उत्तर दिले, तर ‘८० टक्के’ या सूचनेचा अर्थ ८० किलो न होता ६४ किलो होतो. उलट, सरावातील भार विचारला असता त्याने कधीकाळी एकदाच उचललेले वजन सांगितले, तर तोच कार्यक्रम त्याच्या शक्तीबाहेर जातो. येथे शास्त्र चुकलेले नसते. प्रश्न आणि उत्तर यांमधले क्रियापद संदिग्ध राहिलेले असते.

३. ‘रोज’ या शब्दाचा इतिहास

तालमीच्या परिभाषेत दैनिकता गृहीत का धरली गेली, याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. पहिले ठिकाण आयुर्वेदाचे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम नित्य करावा असे सांगितले आहे. परंतु त्याच ठिकाणी तो आपल्या बळाच्या अर्ध्या मर्यादेपर्यंतच करावा असेही सांगितले आहे, आणि ही मर्यादा ओळखण्याची शारीरिक लक्षणे दिली आहेत. अष्टांगहृदयातही अर्धशक्तीचा नियम असून तो ऋतूंशी जोडलेला आहे : थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत, इतर ऋतूंत त्याहून कमी. या विधानांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘नित्य’ हे वारंवारतेचे विधान आहे आणि ‘अर्धशक्ती’ हे मात्रेचे. पहिले दुसऱ्यावर अवलंबून आहे. दररोज करता येते, कारण दररोज अर्धेच केले जाते. पुढील काळात ‘नित्य’ लोकांच्या मुखी राहिले आणि ‘अर्धशक्ती’ ग्रंथात राहिली. अटीशिवाय उरलेला नियम असे ‘रोज मेहनत’ या सूत्राचे वर्णन करता येईल.

दुसरे ठिकाण उपासनेचे. समर्थ रामदास रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत अशी परंपरा आहे. या परंपरेच्या ऐतिहासिकतेपेक्षा तिचा आकार येथे महत्त्वाचा ठरतो. तिच्यात दिवस हे एकक आहे, संख्या हे माप आहे आणि खंड न पडणे हा गुण आहे. जपाचे मापही असेच असते. व्यायामाचा परिपाठ आणि जपाचा नेम यांनी एकच मोजणी वापरल्यामुळे व्यायामातील विश्रांतीला नेमभंगाचा रंग आला. मराठीत नियमित कामात एक दिवस चुकला म्हणजे ‘खाडा’ पडतो. मजुराचा खाडा पडतो, दुधाचा खाडा पडतो, तसाच तालमीचाही पडतो. खाड्याला मजुरी नाही. नियोजित विश्रांतीसाठी तालमीच्या नित्य व्यवहारात वेगळा, निर्दोष शब्द घडला नाही, आणि जो दिवस स्नायूंच्या पुनर्बांधणीचा आहे तोही उणिवेच्या खात्यात मांडला गेला.

सातारा जिल्ह्यातच या विचाराला एक सुव्यवस्थित ग्रंथरूपही मिळाले. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, संस्थानातील शाळांत ते सुरू केले आणि त्यांवर पुस्तक लिहिले. १९३८ मध्ये त्यांची पद्धती लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झाली. एक कार्यक्रम म्हणून या पद्धतीचे परीक्षण केल्यास तिचे गुण सहज दिसतात. कृती ठरलेली आहे, साधन लागत नाही, आणि संख्या हळूहळू वाढविता येते. मात्र तिच्यात भार स्थिर आहे. तो साधकाच्या शरीराचाच. वारंवारता स्थिर आहे, ती दैनिक. बदलते ते केवळ आवर्तन. आरोग्य, दम आणि लवचिकता हे तिचे साध्य असल्यामुळे ही रचना तिच्या साध्याशी सुसंगत आहे. तिच्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप घ्यावयाचा तो तिच्या मोजणीची पद्धत भारोत्तोलनाला जशीच्या तशी लावणाऱ्यांवर. ज्या खेळात निकाल किलोंमध्ये लागतो तेथे आवर्तनांची वाढ भाराच्या वाढीची जागा घेऊ शकत नाही.

४. अक्षरगणना आणि मात्रागणना

हा भेद मराठीच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्यासाठी परकीय दृष्टान्ताची आवश्यकता नाही. छंदःशास्त्रात तो तयारच आहे. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याची छंद, जाती आणि वृत्त अशी त्रिविध व्यवस्था मांडली. ओवी-अभंगासारख्या छंदात अक्षरे मोजली जातात. अक्षर लघू आहे की गुरू याने मोजणी बदलत नाही. जातीत मात्रा मोजल्या जातात. लघू अक्षराची एक, गुरू अक्षराच्या दोन. वृत्तात त्याही पुढे जाऊन लघू आणि गुरू कोणत्या क्रमाने यावेत हे निश्चित असते. ‘गुरू’ या शब्दाचा मूळ अर्थ जड असा आहे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे.

तालमीची मोजणी ही छंदाची मोजणी आहे. हजार बैठका म्हणजे हजार अक्षरे. त्यांतील प्रत्येकीचा भार सारखाच धरलेला आहे. आधुनिक कार्यक्रमातील ‘व्हॉल्यूम’ ही जातीची मोजणी आहे : प्रत्येक आवर्तनाला त्याच्या भाराने गुणावयाचे. ८० किलो भाराची पाच आवर्तने, अशा पाच फेऱ्या केल्या तर बेरीज २००० किलो होते. ४० किलो भाराची दहा आवर्तने, अशा पाच फेऱ्या केल्या तरी बेरीज २००० किलोच. पहिलीत आवर्तने पंचवीस आहेत, दुसरीत पन्नास. केवळ आवर्तने मोजणाऱ्याला दुसरी दुप्पट वाटेल. मात्रा मोजणाऱ्याला दोन्ही समान वाटतील. आणि ज्याची कमाल १०० किलो आहे त्याच्या शरीराला या दोन गोष्टी समानही नाहीत, दुप्पटही नाहीत. कमाल बळ वाढविण्याच्या दृष्टीने पहिली तिच्या भारामुळेच अधिक उपयुक्त आहे.

याचा अर्थ असा की मात्रागणनाही पुरेशी नाही. समान मात्रांच्या दोन ओळींची चाल निराळी असू शकते, कारण जड आणि हलकी अक्षरे निरनिराळ्या जागी पडलेली असतात. जड दिवस कोणते, हलके कोणते, आणि दोन जड दिवसांत अंतर किती, हा विचार वृत्ताच्या पातळीवरचा आहे. वारंवारतेचा प्रश्न येथे येतो. मात्रा हे एकूण वजन. वारंवारता ही त्या वजनाची मांडणी. हा संबंध ध्यानात घेतला म्हणजे ‘मात्रा श्रेष्ठ की वारंवारता श्रेष्ठ’ हा प्रश्न सदोष रीतीने विचारलेला आहे हे दिसून येते.

५. प्रयोगांचा पुरावा

शास्त्रीय संशोधनाचा इतिहास या विवेचनाला पुष्टी देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डिलॉर्म यांनी क्रमशः भार वाढविण्याची पद्धत रूढ केली. १९४५ च्या त्यांच्या मांडणीत दहा आवर्तनांच्या सात ते दहा फेऱ्या होत्या. १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह लिहिताना त्यांनी त्या तीनवर आणल्या. क्रमवर्धी भाराच्या आधुनिक प्रवर्तकाने स्वतःच ठरविलेली मात्रा तीन वर्षांत निम्म्याहून कमी केली, ही घटना ‘अधिक ते उत्तम’ मानणाऱ्यांनी विचारात घ्यावी अशी आहे. १९६२ मध्ये रिचर्ड बर्जर यांनी आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे, एक ते तीन फेऱ्या आणि दोन, सहा व दहा आवर्तने अशा नऊ योजनांची तुलना केली. तीत सहा आवर्तनांच्या तीन फेऱ्या सरस ठरल्या. सोव्हिएत भारोत्तोलकांच्या सरावनोंदींवरून प्रिलेपिन यांनी १९७४ च्या सुमारास तयार केलेल्या कोष्टकात भार वाढेल तशी आवर्तने कमी होतात : कमालीच्या ८० ते ९० टक्क्यांच्या टप्प्यात एका सत्रात एकंदर दहा ते वीस उचल, आणि त्यांतही पंधरा इष्ट. या कोष्टकात भार आणि संख्या यांना एकमेकांपासून अलग करताच येत नाही.

अलीकडील प्रयोगांनी प्रश्नाची आणखी फोड केली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात ३४ सराव असलेल्या पुरुषांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक प्रकाराच्या एक, तीन किंवा पाच फेऱ्या केल्या. स्नायूंचा आकार अधिक फेऱ्या करणाऱ्यांत अधिक वाढला. बळ मात्र तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच वाढले. २०१८ च्या दुसऱ्या एका अमेरिकी प्रयोगात २८ सराव असलेल्या तरुणांनी सहा आठवडे तेवढेच काम आठवड्याच्या तीन किंवा सहा दिवसांत विभागून केले. एकूण मात्रा समान ठेवल्यावर कमाल बळाच्या वाढीत दोन गटांत लक्षणीय अंतर आढळले नाही. याच काळातील अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणांतूनही हाच कल दिसतो : वारंवारता वाढविल्याने होणारा लाभ बव्हंशी तिच्यामुळे मात्रा वाढते म्हणून होतो.

या निष्कर्षांचा वापर करताना दोन मर्यादा पाळल्या पाहिजेत. प्रयोगांचा काळ सहा-आठ आठवड्यांचा असतो आणि भारोत्तोलकाची कारकीर्द दशकाची. शिवाय, बहुतेक प्रयोग बैठक, छातीवरील दाब यांसारख्या तुलनेने साध्या प्रकारांवर झालेले आहेत. स्पर्धेतील ‘स्नॅच’ आणि ‘क्लीन अँड जर्क’ हे कौशल्याचे प्रकार आहेत, आणि कौशल्य थकलेल्या शरीराने केलेल्या विसाव्या आवर्तनात शिकता येत नाही. तेथे काम अधिक दिवसांत वाटण्याला स्वतंत्र कारण आहे : प्रत्येक उचल ताज्या शरीराने व्हावी. बल्गेरियाचे प्रशिक्षक इव्हान अबाजिएव यांची दिवसातून अनेक वेळा जवळजवळ कमाल भार उचलण्याची पद्धत वारंवारतेच्या बाजूने नेहमी पुढे केली जाते. तिच्या यशातून सामान्य नियम काढणे धोक्याचे आहे. त्या पद्धतीत टिकले त्यांचीच नावे इतिहासाला माहीत आहेत. आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोन बल्गेरियन भारोत्तोलकांची पदके उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीनंतर काढून घेण्यात आली व संघ स्पर्धेतून बाहेर पडला, हा त्याच इतिहासाचा भाग आहे.

दक्षिण महाराष्ट्राला या खेळातील अंतराचे एकक किती लहान असते याचा अनुभव आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक २४९ किलोंना गेले. स्पर्धेत त्याच्या कोपराला दुखापत झाली होती. त्या दुखापतीची कारणमीमांसा करण्याचा येथे हेतू नाही. जेथे एका किलोने पदकाचा रंग ठरतो तेथे ‘मेहनत वाढव’ हा सल्ला परिमाणशून्य आहे, एवढेच दाखवावयाचे आहे. भार वाढवावा, फेऱ्या वाढवाव्यात, दिवस वाढवावेत की दिवस कमी करावेत, यांतील प्रत्येक उत्तराचा परिणाम निराळा आहे.

६. संज्ञांची निवड

आता प्रश्न उरतो तो या कल्पनांना मराठीत कोणत्या नावांनी ओळखावे हा. ‘व्हॉल्यूम’साठी पदार्थविज्ञानात ‘आकारमान’ आणि गणितात ‘घनफळ’ रूढ आहे. कोशातून सरळ उचललेला ‘आकारमान’ हा शब्द येथे घातक ठरतो, कारण स्नायूंची जी वाढ होते तिलाही आकारमान म्हणतात. ‘आकारमान वाढविल्याने आकारमान वाढते’ असे निरर्थक वाक्य त्यातून जन्माला येते. कारण आणि कार्य एकाच नावाने वावरू लागतात. ‘मात्रा’ हा शब्द सर्व दृष्टींनी अधिक योग्य आहे. वैद्यकात तो औषधाचे प्रमाण दर्शवितो, आणि प्रमाणाबाहेर गेलेली मात्रा अपायकारक असते हा संकेत त्यात अंतर्भूत आहे. छंदःशास्त्रात तो भारासह केलेली गणना दर्शवितो. दोन्ही अर्थ येथे इष्ट आहेत. एकच पथ्य पाळावे लागेल. आधुनिक लेखनात मात्रा कधी फेऱ्यांच्या साप्ताहिक संख्येत, तर कधी भार व आवर्तने यांच्या गुणाकारात सांगितली जाते. लेखकाने कोणती अभिप्रेत आहे ते प्रथमच सांगावे.

‘फ्रीक्वेन्सी’साठी ‘वारंवारता’ हा शब्द शालेय विज्ञानामुळे परिचित आहे. त्याची अडचण ही की ‘वारंवार’ या अव्ययात ‘नको तितक्या वेळा’ अशी छटा आहे; ‘वारंवार सांगूनही’ या प्रयोगात ती स्पष्ट दिसते. ‘कमी वारंवारता’ हा शब्दप्रयोग म्हणूनच कानाला खटकतो. लोकभाषेत याला ‘पाळी’ हा उत्तम शब्द आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या प्रदेशातील शेतकऱ्याला पाण्याच्या पाळीचे शास्त्र शिकवावे लागत नाही. एकूण पाणी तेवढेच असले तरी मुरमाड रानाला ते थोडे थोडे आणि लवकर लवकर द्यावे लागते, काळ्या रानाला दोन पाळ्यांमधले अंतर अधिक चालते, आणि निचरा नसलेल्या रानात जास्त पाण्याने जमीन क्षारपड होते, हे त्याला ठाऊक आहे. मात्रा आणि वारंवारता यांचा संबंध याहून नेमका सांगता येणार नाही. नवशिका आणि मुरलेला भारोत्तोलक यांच्या शरीरात असाच भेद असतो. तथापि ‘पाळी’ हा शब्द कारखान्यातील कामाच्या वेळेसाठी आणि स्त्रियांच्या मासिक धर्मासाठी रूढ आहे. मुलीही या खेळात मोठ्या संख्येने उतरल्या असता ‘आठवड्यात तीन पाळ्या’ ही संज्ञा चालणार नाही. म्हणून ग्रंथात ‘वारंवारता’ ठेवावी, आणि तिचे स्पष्टीकरण पाण्याच्या उदाहरणाने करावे.

‘इंटेन्सिटी’चे ‘तीव्रता’ हे भाषांतर मात्र टाकणे श्रेयस्कर. मराठी वाचक तीव्रता म्हणजे दमछाक समजतो. शास्त्रात ती कमाल क्षमतेची टक्केवारी असते. पाचशे बैठकांनी दम लागतो, पण त्या अर्थाने त्यांची तीव्रता अल्प असते. ‘सापेक्ष भार’ ही संज्ञा लांब असली तरी फसवी नाही. ‘सेट’ हा शब्द व्यायामशाळांत इतका रुळला आहे की त्याला हटविण्याचा अट्टाहास व्यर्थ होय. लिहिताना ‘फेरी’ वापरता येईल. सर्वांत निकडीची गरज आहे ती विश्रांतीच्या संज्ञेची. ‘विसावा’ हा शब्द वाटचालीच्या भाषेतला. पालखीच्या वाटेवर विसाव्याच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात, आणि विसाव्याने वारीत खंड पडला असे कोणी मानीत नाही. कार्यक्रमपत्रकात रिकाम्या दिवसापुढे ‘विसावा’ असे लिहिले, तर ‘खाडा’ या शब्दाचा दोष त्या दिवसाला चिकटणार नाही.

७. माथ्यावरचा भार

वरील विवेचनात पाटणच्या दुसऱ्या परंपरेचा, ओझ्याच्या परंपरेचा, विचार राहिला. तो शेवटी घेण्याचे कारण असे की परभाषेतून आलेल्या कार्यक्रमांची खरी कसोटी तेथे लागते. माथाड्याच्या कामात भार पोत्याने ठरतो, आवर्तने थप्पीने आणि खेपांनी ठरतात, वारंवारता बाजाराच्या दिवसांनी ठरते, आणि ‘वाराई’ पोत्यांच्या हिशेबाने मिळते. यांतील एकही राशी उचलणाऱ्याच्या हातात नसते. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याने नोकरीचे नियमन केले. त्याआधी १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंच्या मर्यादेची शिफारस केली होती. शंभर किलोंचे पोते पन्नासावर आणण्याची माथाड्यांची मागणी ही बलसाधनेच्या परिभाषेत सांगावयाचे तर सापेक्ष भार कमी करण्याची मागणी होती. पोत्यांची संख्या त्यामुळे वाढली तरी पाठीच्या कण्यावर एका वेळी येणारा भार कमी होतो, हे त्या मागणीमागचे तत्त्व शास्त्रसंमत आहे.

असे श्रम आणि सराव यांत दोन भेद आहेत. सरावात भार योजनापूर्वक वाढतो, श्रमात तो स्थिर असतो. म्हणून एका मर्यादेनंतर ओझे वाहून बळ वाढत नाही, केवळ टिकते किंवा झिजते. सरावात विसावा कार्यक्रमाचा भाग असतो, श्रमात तो मजुरीतली घट असतो. परंतु शरीर मात्र एकच असते. जो तरुण सकाळी शेतात खताची पोती वाहतो किंवा बाजारात हमाली करतो आणि संध्याकाळी दांड्याखाली उभा राहतो, त्याच्या आठवड्याच्या मात्रेत सकाळच्या पोत्यांचाही हिशेब धरला पाहिजे. परदेशी पुस्तकातील ‘आठवड्यात पाच दिवस’ या सूचनेमागे दिवसाचा उरलेला वेळ बसून जातो असे न सांगितलेले गृहीतक असते. ते गृहीतक भाषांतरात येत नाही, कारण मूळ वाक्यातच ते शब्दरूप झालेले नसते. भाषांतरकाराने आणि प्रशिक्षकाने ते ओळखून बाहेर काढले पाहिजे. पाटणसारख्या ठिकाणी हाच बहुधा मात्रा-वारंवारतेच्या वादातील सर्वांत मोठा चल आहे, आणि प्रयोगशाळेत निवडलेल्या तरुणांत तो सामान्यतः आढळत नाही.

पाटणहून वाहणारी कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. ते याच तालमीच्या संस्कृतीतून आले होते. तेव्हा तालमीची परिभाषा निष्फळ होती असे कोणी म्हणू नये. कुस्तीत प्रतिस्पर्धी हाच भार असतो आणि तो दर क्षणी बदलतो. तेथे वस्तादाच्या नजरेवर चालणारी ‘मेहनत’ पुरते. दांड्यावरचा भार बदलत नाही, बोलत नाही आणि निकाल किलोंत देतो. दोन क्षेत्रांची मोजणी दोन प्रकारची असणे स्वाभाविक आहे. दोष उत्पन्न होतो तो एका क्षेत्राचा शब्द दुसऱ्यात तपासल्याविना नेल्यामुळे.

तात्पर्य, बलसाधनेवरील मराठी लेखनाने ‘किती?’ हा एकेरी प्रश्न सोडून दिला पाहिजे. कमालीच्या किती टक्के भार, आठवड्यात एकूण किती मात्रा, ती किती दिवसांत वाटलेली, मध्ये विसावा किती, आणि पोटासाठी उचललेले ओझे किती, हे पाच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतील. पहिल्या चारांसाठी शब्द उपलब्ध आहेत, थोड्या विवेकाने ते निश्चित करता येतील. पाचव्याचा हिशेब ठेवण्याची रीत मात्र अद्याप कोणत्याही भाषेतील कार्यक्रमपत्रकात आढळत नाही. ती घालून देण्याचे काम ज्या भाषेत ‘खेप’, ‘थप्पी’ आणि ‘वाराई’ हे शब्द जिवंत आहेत त्या भाषेच्या अभ्यासकांनी हाती घेणे उचित ठरेल.